कॉर्पोरेट इव्हेंटच्या कामातला आनंद आणि थकवा : सोडून गेलेल्यांचा अनुभव काय?

अनवट_ठाणे

मी मुंबईतील एका मध्यम आकाराच्या इव्हेंट एजन्सीत कंपन्यांच्या कार्यक्रमांचे काम पाहते. डीलर संमेलने, नव्या उत्पादनांचे अनावरण, वार्षिक पुरस्कार सोहळे, वरिष्ठांच्या निवासी बैठका असा सगळा पसारा असतो; लग्नकार्ये आम्ही घेत नाही. या क्षेत्रात दशकभराहून अधिक काळ काढल्यावर आता एका औषध कंपनीने त्यांच्या विपणन विभागात, त्यांचेच कार्यक्रम सांभाळण्यासाठी बोलावले आहे. पगार साधारण तेवढाच आहे, परंतु शनिवार-रविवार सुट्टी मिळेल आणि एरवी संध्याकाळी वेळेवर घरी जाता येईल असे आश्वासन आहे.

मला काम आवडत नाही, असे मुळीच नाही. कन्सोलमागे उभे राहून एकामागून एक क्यू (प्रकाश, ध्वनी, पडदा यांचे ठरलेले इशारे) बिनचूक जातात, तेव्हा होणारा आनंद दुसऱ्या नोकरीत मिळेल असे वाटत नाही. मात्र अलीकडे कार्यक्रम उत्तम पार पडला तरी काहीच वाटेनासे झाले आहे. ग्राहकाचा आभाराचा संदेश येतो, मी तो वाचते आणि पुढच्या कामाची फाइल उघडते. रात्री उशिरा फोन वाजला की पोटात गोळा येतो, मग तो आईचा का असेना.

ज्यांनी एजन्सी सोडली किंवा जे कंपनीच्या बाजूला गेले, त्यांचा थकवा खरोखर गेला का? आणि मागे वळून पाहताना नेमके काय हरवल्यासारखे वाटते? योगासने आणि पहाटे उठणे हे सल्ले कृपया देऊ नयेत. पहाटे आम्ही जागेच असतो.

चहाबाज

योगासने बाद झाल्यामुळे निम्मे प्रतिसाद आधीच कमी झाले. मी चहा घेऊन बसतो.

पडद्यामागे

मी पूर्वी एजन्सीत होतो, आता स्वतंत्रपणे शो कॉलिंग, म्हणजे कार्यक्रम चालू असताना सर्वांना क्यू देण्याचे काम, करतो. माझे मत असे आहे की कार्यक्रमाची रात्र माणसाला थकवत नाही. थकवते ती त्याआधीची रात्र. मोठ्या हॉटेलच्या सभागृहात आदल्या संध्याकाळी कोणाचे तरी स्वागत समारंभाचे जेवण असते. ते आटोपून सभागृह आपल्या ताब्यात येईपर्यंत मध्यरात्र उलटते आणि नोंदणीचे टेबल तर सकाळी आठला उघडायचे असते. तेवढ्या वेळात ट्रस (दिवे टांगायचा धातूचा सांगाडा) उभा करायचा, एलईडी वॉल चढवायची, कार्पेट अंथरायचे, फ्लेक्सच्या चौकटी ठोकायच्या, ध्वनी तपासायचा आणि रंगाचा वास जावा म्हणून हॉटेलवाल्यांची विनवणी करून वातानुकूलन आधीच सुरू करून घ्यायचे. हे सर्व ठरलेले असते, त्यामुळे त्याचा त्रास होत नाही. त्रास होतो तो पहाटे पाच वाजता, जेव्हा संचालकांच्या सादरीकरणाची 'अंतिम' म्हणून पाठवलेली चौथी फाइल येते.

एक नमुना सांगतो. नाशिकमध्ये ठिबक सिंचनाच्या साहित्याच्या विक्रेत्यांचे संमेलन होते. सादरीकरण मराठीत होते आणि कंपनीतील कोणीतरी ते जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलिखित केले होते. आमच्या शो लॅपटॉपवर तो फाँट नसल्यामुळे पडद्यावर अक्षरांऐवजी रोमन चिन्हांचा भुगा दिसू लागला. शिवाय फाइल नेहमीच्या आकाराची आणि एलईडी वॉल तिच्या दुप्पट रुंद. उद्घाटनाला तासभर उरलेला असताना ग्राफिक करणाऱ्या मुलाने एकेक ओळ पुन्हा टंकलिखित केली आणि त्याच्या शेजारी उभे राहून कंपनीचे अधिकारी 'लोगो थोडा मोठा करा' असे सुचवत होते.

आणि त्याच कार्यक्रमात, दुपारच्या पुरस्कार वितरणात, डोक्यावर टोपी घातलेले एक वयस्कर विक्रेते मंचाची पायरी चढण्यापूर्वी वाकले, पायरीला हात लावून त्यांनी कपाळाला लावला आणि मगच वर गेले. ते सावकाश चालत होते, म्हणून ध्वनिसंयोजकाने मी काही न सांगता संगीताचा तुकडा लांबवला. सूत्रसंचालिकेनेही पुढचे नाव उच्चारले नाही. सगळे सभागृह उभे राहिले. कागदावर त्या पुरस्काराला फक्त वीस सेकंद दिलेले होते. अनवट, तुम्ही काय हरवेल असे विचारलेत, म्हणून हे लिहिले. एकमेकांशी न बोलता काम करू शकणारी ती टोळी दुसरीकडे मिळत नाही.

सरळरेषा

मी समोरच्या बाजूची आहे, म्हणजे एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात. पहाटेच्या चौथ्या फाइलविषयी वाचून अपराधी वाटायला हवे होते, पण तसे वाटले नाही. ती फाइल आम्हालाही रात्री दोनला मिळते, कारण संचालकांचे कार्यालय आकडे शेवटपर्यंत बदलत असते. आणि एजन्सी नाही म्हणतच नाही. 'सादरीकरणे आदल्या दिवशी दुपारी चारनंतर स्वीकारली जाणार नाहीत' असे एखाद्या एजन्सीने आम्हाला लेखी दिले असते, तर तो कागद दाखवून मला वरच्यांशी भांडता आले असते. स्पर्धेच्या भीतीने तुम्ही सगळ्याला होकार देता आणि मग थकव्याचे खापर आमच्यावर फोडता.

चहाबाज

एजन्सी म्हणजे कायमचा वधूपक्ष. मानपान त्यांचा, धावपळ आपली आणि पंगत सर्वांत शेवटची.

पडद्यामागे

@सरळरेषा, मुद्दा मान्य आहे, पण अर्धाच. एका कामासाठी पाच एजन्सींना बोलावले जाते, प्रत्येकीकडून संकल्पना, त्रिमितीय आराखडे आणि दरपत्रक फुकट घेतले जाते, आणि पुष्कळदा काम सहाव्याच कोणाला तरी, आमच्यापैकी एखाद्याच्या आराखड्यासह, मिळते. ज्याने त्या स्पर्धेतून काम मिळवले आहे, त्याच्यात चारची मर्यादा घालण्याची हिंमत उरत नाही.

हिशेबनीस

मी सनदी लेखापाल आहे आणि माझ्याकडे काही छोट्या एजन्सींचे हिशेब असतात. या चर्चेत मालकाचा थकवा कोणी मांडला नाही, तो मांडतो, कारण तोच पुढे झिरपत कर्मचाऱ्यांपर्यंत येतो.

कार्यक्रम झाला की बिल निघते. त्यावर १८ टक्के जीएसटी असतो आणि ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत, तो पुढच्या महिन्यात सरकारला भरावाच लागतो. मंडपवाले, लाइटवाले, गाड्या, कलाकार यांना निम्मे-अधिक पैसे आगाऊ दिलेले असतात. हॉटेल तर पूर्ण रक्कम आधी घेते. ग्राहक मात्र खरेदी आदेशावर साठ किंवा नव्वद दिवस असे छापतो आणि बिल मंजुरीच्या रांगेत लावताना पुन्हा 'प्रत्यक्ष उपस्थिती कमी होती' म्हणून कपात सुचवतो. लघुउद्योगांसाठीच्या २००६च्या कायद्याप्रमाणे, उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून आयकर कायद्यातही ४३ब(एच) कलम आले. मुदतीत पैसे न दिल्यास ग्राहक कंपनीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच वजा करून मिळतो. त्यामुळे मार्चअखेरीस बिले चुकती होण्याचे प्रमाण माझ्याकडील एजन्सींपुरते तरी वाढलेले दिसते. व्याजाची मागणी मात्र माझ्या पाहण्यात एकानेही केलेली नाही. केली तर पुढच्या वर्षी बोलावणे येणार नाही, हे सर्वांना ठाऊक असते.

सहा माणसांचे काम तीन जणांवर का टाकले जाते, याचे उत्तर बहुतेक वेळा या अडकलेल्या पैशात असते.

मनोविचार

मी समुपदेशक आहे. अनवट यांनी वर्णन केलेली अवस्था, विशेषतः यश मिळूनही काहीच न वाटणे, ही निव्वळ दमणूक नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद करताना तो आजार नसून कामाशी निगडित अवस्था आहे असे स्पष्ट केले आणि तिची तीन अंगे सांगितली : शक्ती संपल्याची भावना, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटणे. यांपैकी पहिले अंग रजेने काही प्रमाणात भरून निघते. दुसरे निघत नाही. चार दिवस गोव्याला जाऊन परत आलेला माणूस पहिल्याच फोनला पुन्हा तिथेच येऊन पोहोचतो.

या विषयावर आयुष्यभर संशोधन करणाऱ्या ख्रिस्तिना मास्लाक आणि मायकेल लायटर यांनी कामाच्या सहा बाजू तपासायला सांगितल्या आहेत : कामाचा भार, त्यावरील आपले नियंत्रण, मोबदला व दाद, सहकाऱ्यांशी नाते, न्याय्य वागणूक आणि मूल्ये. इथले प्रतिसाद त्या चौकटीत ठेवून पाहा. सहकाऱ्यांशी नाते या क्षेत्रात विलक्षण घट्ट आहे आणि दादही जागच्या जागी, टाळ्यांच्या रूपात मिळते. म्हणूनच लोक टिकतात. नियंत्रण मात्र जवळजवळ शून्य आहे, आणि फुकट घेतलेले आराखडे हा न्याय्यतेचा प्रश्न आहे. नव्या नोकरीत भार किती कमी होईल हे विचारण्यापेक्षा निर्णय कोणाच्या हातात असतील हे विचारणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

तटस्थ

सर्वांचा आदर राखून लिहितो. परिचारिका, पोलीस, एसटीचे चालक यांच्या रात्री याहून कठीण असतात आणि त्यांना वातानुकूलित सभागृहात काम करायला मिळत नाही. कार्यक्रमात चूक झाली तर कोणाचा जीव जात नाही. या क्षेत्राने स्वतःला फार गांभीर्याने घेतले आहे असे वाटते.

पडद्यामागे

करिअरकास्ट नावाच्या अमेरिकी संकेतस्थळाच्या सर्वाधिक तणावाच्या नोकऱ्यांच्या यादीत सैनिक, अग्निशामक आणि वैमानिक यांच्यापाठोपाठ, पहिल्या दहांत, कार्यक्रम संयोजक अनेक वर्षे असायचा. अशा याद्यांवर माझाही फारसा विश्वास नाही, पण माहितीसाठी दिले.

वायरमन_नाशिक

तटस्थ साहेब, जीव जात नाही हे वाक्य वातानुकूलित भागापुरते खरे आहे. मी लाइट आणि ट्रसचे काम घेतो. वीस-पंचवीस फूट उंचीवर माझी पोरे पहाटे तीनला क्लॅम्प आवळत असतात. सलग दुसरी रात्र असेल तर मी त्यांना वर चढू देत नाही, आणि त्यावरून एजन्सीशी भांडणे झाली आहेत. सुरक्षापट्टा बांधायला वेळ जातो म्हणून घाई करणारे मॅनेजर मी पाहिले आहेत. खुल्या मैदानावर वारा सुटला की एलईडी वॉल शिडासारखी ताणली जाते, तेव्हा ती खाली उतरवायची की नाही हे ठरवणारा माणूस झोपलेला नसावा आणि घाबरलेलाही नसावा.

बाकी, आमच्या पोरांनी इथे लिहिले नाही म्हणजे ती थकत नाहीत असे नाही. हंगामात रोजंदारी मिळते म्हणून ती रात्रीवर रात्र जोडतात, आणि जून ते ऑगस्ट बरीचशी गावी शेतात असतात. गणपतीला कोकणातली पोरे कोणत्याही पैशाला थांबत नाहीत, हे एजन्सींनी तारीख घेताना ध्यानात ठेवले तर बरे होईल.

तटस्थ

@वायरमन_नाशिक, तुमचा मुद्दा निर्विवाद आहे. माझे वाक्य मागे घेतो. उरलेले मत कायम ठेवतो.

मांडवीकाठ

गोव्यात हॉटेलच्या बँक्वेट विभागात आहे. तुम्ही ज्यांची विनवणी करून वातानुकूलन लवकर सुरू करून घेता, ते आम्ही. उघड्यावरील ध्वनिक्षेपक २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला बंद करावा लागतो, हे प्रत्येक एजन्सीला माहीत असते आणि तरी प्रत्येक कार्यक्रमात पावणेदहाला कंपनीचे कोणीतरी ज्येष्ठ येऊन 'आणखी फक्त अर्धा तास' म्हणतात. एजन्सीची मुलगी आमच्याकडे पाहते, आम्ही तिच्याकडे. शेवटी तिलाच जाऊन सांगावे लागते की आता सर्वांनी बंद सभागृहात चलावे, आणि सर्वांच्या आनंदावर विरजण घातल्याचा ठपकाही तिच्यावरच येतो. नियंत्रण शून्य आणि दोष पूर्ण, हे वर समुपदेशकांनी लिहिलेले मी दर शनिवारी हिरवळीवर पाहतो.

नवा_भिडू

मी पुण्यात इव्हेंट मॅनेजमेंटची पदविका करत आहे. हे सर्व वाचून आता काय करावे?

पडद्यामागे

@नवा_भिडू, पहिली काही वर्षे प्रॉडक्शनमध्ये काढा. लाकूड, वीज आणि ध्वनी कळणाऱ्या माणसाला या क्षेत्रात सहसा कोणी फसवू शकत नाही. आणि पितृपक्षात रजा मागायला शिका. त्या पंधरवड्यात कोणी नवे उत्पादन बाजारात आणत नाही, त्यामुळे ती हमखास मिळते. तुळशीच्या लग्नानंतर विचारू नका.

वाळवंटी_मराठी

दुबईतून लिहितो. पूर्वी मुंबईत हेच काम करत होतो. इथे हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल असतो आणि दमणूक काही कमी नाही. मात्र एक फरक जाणवतो. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात उघड्यावरील कामाला दुपारी साडेबारा ते तीन बंदी असते आणि ती मोडल्यास प्रत्येक कामगारामागे पाच हजार दिरहम दंड होतो. ग्राहक कितीही मोठा असला तरी त्या वेळेत मंडप उभारा असे म्हणत नाही, कारण उत्तर त्यालाही ठाऊक असते. नियम एजन्सीच्या तोंडून यावा लागत नाही. मुंबईत मला प्रत्येक 'नाही' स्वतःच्या हिमतीवर म्हणावे लागत होते, तेच अधिक झिजवणारे होते.

हिशेबनीस

नियम महाराष्ट्रातही आहेत. २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामाचे तास ठरवून दिले, जादा कामाला दुप्पट दर ठेवला आणि रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवायचे तर त्यांची संमती व सुरक्षिततेची व्यवस्था बंधनकारक केली. पळवाट अशी की व्यवस्थापकीय व पर्यवेक्षी पदे त्यातून वगळता येतात. म्हणून आपल्याकडे पदवी घेऊन आलेला मुलगा पहिल्याच वर्षी 'असिस्टंट मॅनेजर' होतो. घरचे पेढे वाटतात आणि जादा कामाचा हिशेब तिथेच संपतो.

चहाबाज

आमच्या घरीही वाटले होते. आज उलगडा झाला.

कंपनीवासी

बराच वेळ वाचत होते. मूळ प्रश्नाचे थेट उत्तर देऊ शकेन असे वाटते, कारण मी नेमका हाच बदल केला आहे. एजन्सी सोडून एका बँकेच्या अंतर्गत कार्यक्रम विभागात आले.

पहिले म्हणजे थकवा गेला, परंतु लगेच नाही. सुरुवातीचे कित्येक महिने शनिवारी सकाळी उगाचच फोन तपासत असे आणि काहीच आलेले नसले की अधिक अस्वस्थ वाटे. पुढे झोप सुधारली. घरच्यांच्या मते मी पूर्वीपेक्षा कमी बोलते आणि अधिक ऐकते.

दुसरे म्हणजे कामातील घाम कमी झाला, पण राजकारण वाढले. एजन्सीत असताना शत्रू घड्याळ होते. इथे मंचावर पहिल्या रांगेत कोण बसणार, दीपप्रज्वलनाला पाच जण की सात, आणि कोणत्या विभागप्रमुखाचे नाव सूत्रसंचालनात आधी येणार, यावर आठवडे जातात. सरळरेषा यांनी वर्णन केलेली रात्री दोनची फाइल मलाही येते. फरक एवढाच की आता ती कोणी पाठवली हे मला माहीत असते आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलापाशी जाऊन बोलता येते. मी आल्यावर वर्षभर वाद घालून सादरीकरणांसाठी आदल्या दुपारची मुदत ठरवून घेतली. ती मोडली जाते, पण दर वेळी नव्हे, आणि मोडणाऱ्याला विचारून मोडावी लागते.

तिसरे, काय हरवते? पडद्यामागे यांनी लिहिलेली टोळी हरवते, हे खरे आहे. आता मी सभागृहात शेवटच्या रांगेत बसते, कानात हेडसेट नसतो. पडदा एखादा क्षण काळा राहिला तर मला तो प्रेक्षकांच्या आधी दिसतो आणि हात आपोआप कमरेच्या वॉकीकडे जातो. वैविध्यही जाते. एजन्सीत आज ट्रॅक्टर, उद्या विमा आणि परवा सौंदर्यप्रसाधने असत. इथे वर्षभर तेच बोधचिन्ह, तोच निळा रंग. अनावरणाच्या वेळची थरथर हवी असणाऱ्याने हा विचार करूनच यावे.

एक सावधगिरी सांगते. कंपनी खर्च कमी करते तेव्हा सर्वांत आधी कार्यक्रम कापले जातात. २०२०च्या मार्चनंतर एजन्सींचे काय झाले ते आपण पाहिलेच. पण कंपन्यांच्या आतल्या विभागांतही माणसे कमी झाली, आणि तेव्हापासून पडद्यावर गेलेल्या कित्येक वार्षिक सर्वसाधारण सभा अजून सभागृहात परतलेल्या नाहीत. त्यामुळे विपणन विभागातील तुमच्या पदाला कार्यक्रमांशिवाय आणखी कोणते काम जोडलेले आहे, हे विचारून घ्या.

मनोविचार

कंपनीवासी यांनी टेबलापाशी जाऊन बोलता येण्याचा जो उल्लेख केला आहे, तेच मला नियंत्रण या शब्दाने म्हणायचे होते.

अनवट_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. वायरमन यांचा प्रतिसाद वाचून आमच्या पुढच्या कामाच्या वेळापत्रकात सलग दोन रात्री आहेत का, हे पाहिले, होत्या. उद्या त्यावर वरिष्ठांशी बोलणार आहे, मी राहिले तरी आणि गेले तरी.

औषध कंपनीला मी तीन गोष्टी विचारल्या. सादरीकरणांची अंतिम वेळ ठरवण्याचा अधिकार माझा असेल का. कार्यक्रमानंतरची बदली रजा त्याच महिन्यात घेता येईल का. आणि एजन्सी निवडताना आराखडे मागवले तर न निवडलेल्यांना काही मोबदला देता येईल का. पहिल्या दोन्हींना होकार आला. तिसऱ्यावर खरेदी विभागाला विचारून सांगतो असे म्हणाले, म्हणजे बहुधा नकारच आहे. तरी जाण्याकडे माझा कल झाला आहे.

पडद्यामागे

तिसरी मागणी सोडू नका. आत गेल्यावर पुन्हा मांडा. तुम्ही त्या टेबलामागे बसणार असाल तर आमच्यापैकी निदान काहींना दरपत्रक पाठवताना बरे वाटेल.

सरळरेषा

आणि पहिले दोन होकार नियुक्तिपत्रात उतरवून घ्या. तोंडी होकार देणारे अधिकारी सहा महिन्यांत दुसऱ्या विभागात गेलेले असतात, हे मी आतून सांगते.

हिशेबनीस

त्याआधी आणखी एक काम करा. सध्याच्या एजन्सीत सलग पाच वर्षे पूर्ण झाली असल्यास तुम्ही ग्रॅच्युइटीला पात्र आहात. शेवटच्या वेतनावर प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन, महिना सव्वीस दिवसांचा धरून. ती देय झाल्यापासून तीस दिवसांत मिळायला हवी. अनेक छोट्या एजन्सी 'आमच्याकडे ती पद्धत नाही' असे सांगतात, पण दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला ती द्यावीच लागते. अर्ज लेखी करा आणि पोहोच घ्या. मधल्या काळात एजन्सीचे नाव किंवा कंपनी बदलून तुम्हाला नवे नियुक्तिपत्र दिले गेले असेल, तर जुने पत्र शोधून ठेवा.

अनवट_ठाणे

नाव एकदा बदलले आहे. जुने पत्र शोधते आणि तुम्हाला व्यक्तिगत संदेश करते.